मशरूममधला 'रूम' म्हणजे खोलीच काय? स्पेलिंग अन् अर्थ सांगा जी

धानवाली_ताई (ब्रह्मपुरीकडची)

नमस्कार सगळ्यांना. आमचा बायकांचा बचत गट आहे, धानाच्या तनसावर, म्हणजे पेंढ्यावर, धिंगरी मशरूम काढतो आम्ही, ओलं पण विकतो अन् वाळवून पण. आतापर्यंत साध्या पन्नीत भरून बाजारात देत होतो पण आता नीट लेबल लावून पाकीट करायचं ठरलं, तर प्रिंटिंगवाल्यानं जो नमुना पाठवला त्याच्यात इंग्लिशमध्ये एम यू एस एच आर यू एम असं आहे. मी म्हटलं भाऊ हे बरोबर आहे काय, तर तो म्हणते दोन्ही चालते ताई, लोकं समजून घेतात. माझी पोट्टी नववीत आहे, तिनं पाहिल्याबरोबर सांगितलं की शेवटी आर ओ ओ एम पाहिजे, आर यू एम केलं तर ते रम होते, दारूवाली.

त्याच्यावरून गटात जी चर्चा सुरू झाली ते थांबेचना. एक बाई म्हणते रूम म्हणजे खोली, हे खोलीत पिकते म्हणून मशरूम, आपण नाही का अंधाऱ्या खोलीत पिशव्या टांगत. ते पटते पण अन् नाही पण, कारण जंगलात सात्या, म्हणजे रानातल्या खायच्या छत्र्या, निघतात त्या कोणत्या खोलीत निघतात? अन् मग मश म्हणजे काय? मोबाईलवर पाहिलं तर मश म्हणजे लापशीसारखा लगदा असं आलं. लगद्याची खोली, काही जुळत नाही.

दुसरं असं की याले इंग्लिशमध्ये अजून शब्द दिसतात, फंगस, फंगाय, टोडस्टूल. ट्रेनिंगमध्ये सरांनी सांगितलं होतं की मशरूम हे फंगसच आहे. पण तालुक्याच्या एका दुकानदाराले आमच्यातल्या एकीनं तसं सांगितलं तर त्यानं माल ठेवायलेच नाही म्हटलं, फंगस लागलेलं मी ठेवत नाही म्हणे. अन् टोडस्टूल म्हणजे खरंच बेडकाचं स्टूल होते काय? कोणाले नीट माहीत असन तर सांगजा, नुसतं स्पेलिंग नाही, शब्द आला कुठून ते पण. गटातल्या बायकांना मले समजावून सांगायचं आहे अन् अर्धवट सांगायचं नाही.

मास्तर_सेलू_वर्धा

ताई, छापायचं काम आधी थांबवा. तुमची मुलगी बरोबर आहे. एम, यू, एस, एच, आर, ओ, ओ, एम. दुसरं कोणतंच स्पेलिंग आज चालत नाही, 'लोकं समजून घेतात' हे बोलण्यात ठीक आहे, पाकिटावर नाही. पाकीट नागपूरला गेलं, पुण्याला गेलं तर गिऱ्हाईक आधी लेबलच वाचते.

आता रूमचं. तुमच्या मैत्रिणीनं जो अर्थ लावला तो चुकीचा असला तरी तसाच अर्थ खुद्द इंग्रजांच्या कानानंही लावला आहे, म्हणूनच हे स्पेलिंग असं झालं. मूळ शब्द इंग्लिश नाहीच, तो फ्रेंच आहे, मूसरों. इंग्लंडवर १०६६ मध्ये फ्रान्सकडच्या नॉर्मन लोकांनी राज्य बसवलं, त्यानंतर दोन-तीनशे वर्षं तिथल्या दरबारात अन् मोठ्या लोकांच्या ताटात फ्रेंच शब्द येत राहिले. आपण रोज म्हणतो ते मटन पण तसंच आलेलं, फ्रेंचमध्ये मेंढीला मूतों म्हणतात. बकरी-मेंढी राखणारा गरीब माणूस आपला जुना शब्द वापरत राहिला अन् ताटात पडल्यावर तिचं नाव फ्रेंच झालं. मूसरों पण त्याच वाटेनं आला, इंग्लिशमध्ये पंधराव्या शतकात लिहिलेला सापडतो, १४४० च्या आसपासच्या एका इंग्लिश-लॅटिन कोशात मशेरॉन असा आहे. म्हणजे तेव्हा शेवटी न होता, म नव्हता, अन् रूम तर नव्हतीच.

मग झालं असं की परका शब्द लोकांच्या तोंडात बसला की तो तोंडाच्या सोयीनं वळतो. शेवटच्या न चा म झाला, हे इंग्लिशमध्ये आणखी शब्दांत झालेलं आहे, लॅटिन पेरेग्रिनस म्हणजे वाटसरू, त्याचा इंग्लिशमध्ये पिलग्रिम झाला, तिथे पण न चा म. आणि ऐकायला ओळखीचा असा रूम शब्द घरात होताच, तो तिथे जाऊन चिकटला. मधल्या काळात याची स्पेलिंगं किती तरी प्रकारची होती, कोणी मशरॉम लिहायचा, कोणी मशरंप. शेक्सपिअरच्या नाटकात मशरंप आहे. सोळाव्या शतकापासून आजचं रूप दिसायला लागलं अन् हळूहळू तेच पक्कं झालं. आपण प्लॅटफॉर्मचा फलाट केला ना, तसंच हे. फलाट ऐकून कोणाला वाटेल का की तो इंग्रजांकडून आला, इतका तो आपल्यासारखा झाला आहे.

मश चं पण सांगतो, कारण हे गटात सांगायला सोपं पडेल. लगदा या अर्थाचा मश शब्द इंग्लिशमध्ये सतराव्या शतकातला आहे, अमेरिकेत गेलेले इंग्रज लोक मक्याच्या पिठाची लापशी करायचे तिला मश म्हणायला लागले. मशरूम शब्द त्याच्या दोनशे वर्षं आधीपासून लिहिला जात होता. नातू आजीच्या आधी जन्मू शकत नाही, म्हणून लगद्याचा अन् मशरूमचा काही संबंध नाही.

फ्रेंच मूसरों कुठून आला याबद्दल जाणकारांत दोन मतं आहेत. फ्रेंचमध्ये मूस म्हणजे शेवाळ, म्हणून शेवाळात उगवणारं ते मूसरों असं एक मत, पण सहाव्या शतकातल्या लॅटिन मजकुरात मुसिरिओ असा जुना शब्द सापडतो म्हणून दुसरे म्हणतात की तोच खरा मूळ, शेवाळाशी नातं नंतर जोडलं गेलं. मला दुसरं मत जास्त पटते, कारण शेवाळाचं नातं पण रूमसारखंच कानाला गोड वाटणारं आहे, अन् अशा ठिकाणी सावध राहावं. फ्रान्समध्ये आज मूसरों म्हणजे गवतात येणारी एक-दोन जातींचीच छोटी छत्री. तिकडे सगळ्याच मशरूमला शांपिन्यों म्हणतात, तो शब्द शेत-मैदानावरून आला, लॅटिन कँपस, ज्याचा आपण कॉलेजचा कॅम्पस म्हणतो तोच.

संत्रा_वरुड

मास्तरांनी लय छान सांगितलं. मी फंगस वर बोलतो कारण आमचा संत्र्यावाल्यांचा जलमच याच्याशी भांडण्यात जाते.

ताई, तुमच्या दुकानदारानं माल नाही म्हटलं त्याचं कारण मले समजते. आपल्याकडे फंगस हा शब्द औषधाच्या डब्यावरून आला आहे. फंगीसाईड. साईड म्हणजे मारणारं, फंगस मारणारं ते फंगीसाईड, बुरशीनाशक. वावरात करपा आला फंगस, हरभरा मर रोगानं गेला फंगस, अन् २०२१ मध्ये कोरोनानंतर ब्लॅक फंगस आला तेव्हा तर घराघरात हा शब्द भीतीचा झाला. आता ज्यानं हा शब्द फक्त नुकसानीत अन् दवाखान्यात ऐकला त्याले तुम्ही खायचं फंगस म्हटलं तर तो कसा घेईन?

पण शब्द बिचारा साधा आहे. लॅटिनमध्ये फंगस म्हणजे छत्रीच, खायची पण अन् न खायची पण, रोमन लोकं ते आवडीनं खात होते. ग्रीकमध्ये स्पाँगोस नावाचा शब्द आहे, ज्याच्यावरून स्पंज आला, फंगस त्याचाच भाऊबंद असावा असं भाषावाले मानतात. दाबून पाहिलं तर छत्री स्पंजासारखी लागते, त्याच्यामुळे ते जुळते पण. इंग्लिशमध्ये फंगस सोळाव्या शतकात आला, म्हणजे मशरूम आधी आला, फंगस नंतर, अन् तो शिकलेल्या लोकांनी थेट लॅटिन पुस्तकातून उचलला.

एक असेल तर फंगस, जास्त असतील तर फंगाय. कॅक्टसचं कॅक्टाय होते तसं. फंगाय म्हणा, फंजाय म्हणा, फंगी म्हणा, कोशात तिन्ही उच्चार दिले राहतात, कोणी हसलं तर हसू द्या.

अन् फंगस म्हटलं की सगळे वैरी असं पण नाही. आम्ही झाडाच्या बुडाशी शेणखतात ट्रायकोडर्मा मिसळून देतो, ते पण फंगसच आहे, ते वाईट बुरशीले खाते. पाव फुगवणारं यीस्ट फंगस. पेनिसिलीन ज्याच्यापासून निघालं, १९२८ चं, ते फंगस. अन् उलटं पण सांगतो, आमच्या संत्र्याले डिंक्या होते, बुडातून डिंक गळते, साल सडते, झाड हळूहळू वाळते, ज्यानं हे पाहिलं त्यालेच समजते पोटात काय होते ते. डिंक्या करणारी जे फायटोफ्थोरा, तिले सगळे बुरशी म्हणतात, कृषी केंद्रवाला पण म्हणते, पण शास्त्रज्ञांनी तिले फंगायच्या घरातून बाहेर काढलं आहे. खऱ्या फंगसच्या पेशीची भिंत कायटिनची राहते, ज्याचं खेकड्याचं कवच बनते ते, अन् हिची भिंत मुख्यतः सेल्युलोजची, झाडासारखी. पाण्यातल्या शेवाळाकडचं तिचं गोत आहे. म्हणून सगळ्याच बुरशीनाशकांचा तिच्यावर सारखा उपयोग होत नाही, हे शब्दाचं भांडण नाही, पैशाचं आहे. पावसाळ्याच्या आधी एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी, ही बोर्डो पेस्ट बुडाले लावली तर मात्र ते तिच्यावर चालते.

बोर्डो हे पण फ्रान्समधल्या गावाचं नाव आहे हं, तिथल्या द्राक्षावाल्यांपासून १८८५ च्या सुमारास हे निघालं. आज सगळं फ्रान्सच निघून राहिलं.

बॉटनीवाला_गडचिरोली

सगळ्यांना नमस्कार, मी बॉटनीत एमेस्सी करतो, टोडस्टूलवर लिहितो कारण हा शब्द मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, यात जिवाचा प्रश्न आहे.

हो ताई, खरंच बेडकाचं स्टूल. टोड म्हणजे तो खरबरीत अंगाचा जमिनीवरचा बेडूक, अन् स्टूल म्हणजे आपलं बसायचं स्टूल. चौदाव्या शतकाच्या शेवटापासून हा शब्द इंग्लिशमध्ये आहे, म्हणजे मशरूमपेक्षा थोडा जुनाच. मास्तरांनी ज्या १४४० च्या कोशाचं सांगितलं त्यात मशेरॉनच्या बाजूला त्याचा अर्थ म्हणून टोडची टोपी असा शब्द दिलेला आहे! डेन्मार्कमध्ये आजही बेडकाची टोपीच म्हणतात अन् हॉलंडमध्ये बेडकाचं स्टूल, अन् तिकडे तो सगळ्याच छत्र्यांचा साधा शब्द आहे, विषारीचा नाही. युरोपात लोकांना बेडूक विषारी वाटायचा, ओलाव्यात दोघं सोबत दिसतात, जोडी जमली. आपल्याकडे तिथे कुत्रा आला, कुत्र्याची छत्री. नेटवर कोणी कोणी लिहितात की टोड म्हणजे जर्मनमधला मृत्यू, त्यावरून टोडस्टूल. ते धरू नका, इंग्लिशमधले जुने नमुने सगळे बेडकाचेच आहेत.

आता मुद्दा. शाळेच्या पुस्तकासारखं एक वाक्य सगळीकडे फिरते, खायचं ते मशरूम अन् विषारी ते टोडस्टूल. बोलीभाषेत हा फरक आहे पण शास्त्रात तो अजिबात नाही. असा कोणताच गट नाही ज्याला टोडस्टूल म्हणता येईल. एकाच जातकुळीत एक छत्री खायची निघते अन् तिची सख्खी बहीण जीव घेणारी. म्हणून नावावरून, रंगावरून काही ठरवू नका. आमच्याकडे अजून ऐकतो मी, भाजीत चांदीचं नाणं टाका, काळं पडलं तर विषारी, लसूण टाका, किड्यानं खाल्लेली चालते, पांढरी चालते. हे सगळं खोटं आहे अन् याच्यामुळे माणसं मेली आहेत. अमानिटा कुळातल्या काही छत्र्यांचं विष शिजवून जात नाही, वाळवून जात नाही, अन् खाल्ल्यावर सहा-सहा, बारा-बारा तास काहीच होत नाही, मग उलट्या-जुलाब, मग मध्येच बरं वाटते, अन् तोपर्यंत लिव्हर गेलेलं असते. ज्यांना ओळख आहे त्यांनीच काढावं, अन् त्यांनी पण फक्त ओळखीचीच.

ओळख काय असते ते सात्या काढणाऱ्याजवळ बसून पाहावं. सात्या वारुळाच्या जागी येतात, उधईच्या, म्हणजे वाळवीच्या. वरून ओढली तर देठ तुटतो, म्हणून जाणती बाई बाजूची माती बोटानं मोकळी करत खाली जाते, देठ पांढरा, खाली बारीक होत होत मुळासारखा लांब गेलेला राहते, पार उधईच्या घरापर्यंत. उधई आत कुजक्या पानालाकडाचा स्पंजासारखा गोळा करून त्याच्यावर ही बुरशी पिकवते अन् खाते, आपण तनसावर धिंगरी पिकवतो अगदी तसं, फक्त आपल्या कितीतरी आधीपासून. पावसात ती बुरशी वर छत्री काढते, ती आपली सात्या. उधईशिवाय ती जगत नाही म्हणून आजपर्यंत कोणी तिची शेती उभी करू शकलं नाही, अन् म्हणूनच श्रावणात पळसाच्या पानावर ठेवलेल्या एवढ्याशा वाट्याचा भाव मटनाच्या बरोबरीनं सांगतात.

सात्याचं शास्त्रीय नाव टर्मिटोमायसिस. रॉजर हाइम नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञानं १९४२ मध्ये ठेवलं. टर्माइट म्हणजे उधई, अन् मायसिस हा ग्रीक शब्द, म्हणजे छत्रीच. हा मायको शब्द एकदा ओळखला की सगळीकडे दिसते, मायकॉलॉजी म्हणजे बुरशीचं शास्त्र, वरुडच्या भाऊंनी सांगितलं ते ब्लॅक फंगस म्हणजे म्युकरमायकोसिस, टीबीचं इंजेक्शन स्ट्रेप्टोमायसिन. गंमत अशी की स्ट्रेप्टोमायसिन बुरशीपासून नाही, बॅक्टेरियापासून निघते, पण तो बॅक्टेरिया धाग्यासारखा वाढते म्हणून जुन्या लोकांना तो बुरशीच वाटला अन् नाव तसंच राहिलं.

धानवाली_ताई (ब्रह्मपुरीकडची)

बापा, इतकं कोणी सांगन असं वाटलं नव्हतं. मी आज गटात मोठ्यानं वाचून दाखवलं. फलाटाचं सगळ्यांले लगेच समजलं. सात्याचं ऐकून आमच्यातली म्हातारी बाई म्हणते हे तर मले माहीत आहे, वारूळ मोडलं की दुसऱ्या वर्षी तिथं सात्या येत नाही, म्हणून आम्ही वारूळ फोडत नाही.

अजून दोन गोष्टी विचारायच्या आहेत. एक, मराठीत पाकिटावर काय लिहू? कोणी म्हणते अळिंबी लिहा, पण आमच्या इकडे अळिंबी कोणालेच समजत नाही, आम्ही सात्या अन् टेकोडे म्हणतो, अन् धिंगरीले टेकोडे म्हटलं तर गिऱ्हाईक म्हणन हे जंगलातलं आहे. दोन, एका माळकरी काकाजीनं विचारलं की हे झाड आहे की जीव आहे, कारण झाड नाही असं त्यानं कुठं तरी वाचलं. मले नीट उत्तर देता नाही आलं.

मास्तर_सेलू_वर्धा

दुसऱ्याचं आधी. काकाजींनी बरोबर वाचलं आहे. लिनियसनं १७५३ मध्ये झाडांची नावं लावली तेव्हा छत्र्या वनस्पतीतच टाकल्या होत्या अन् दोनशे वर्षं त्या तिथेच राहिल्या. १९६९ मध्ये व्हिटेकर नावाच्या शास्त्रज्ञानं सजीवांचे पाच गट केले त्यात फंगायला वेगळं घर दिलं, ना झाड ना प्राणी. त्यांना हिरवा रंग नाही, उन्हात स्वतःचं अन्न करता येत नाही. पण माळकरी माणसाचा प्रश्न वर्गीकरणाचा नाही, हत्येचा आहे. यात प्राण्याचं काही नाही, अन्नाच्या नियमानुसार पाकिटावर हिरवाच ठिपका येतो, हे त्यांना सरळ सांगा. जुन्या ग्रंथांत छत्राक अन् कवक खाऊ नये असं सांगितलं आहे, म्हणून काही घरात खात नाहीत, तिथे आग्रह करू नका, त्यांचा तो नेम आहे. कवक हा शब्द आता शास्त्राच्या मराठीत फंगससाठी घेतला आहे.

पहिल्याचं. मराठीत ठळक 'धिंगरी मशरूम' लिहा. मशरूम हा शब्द आता आपल्या बाजारात मराठीच झाला आहे, लग्नाच्या पंगतीत मशरूम मसाला वाढणाऱ्या पोराला अळिंबी मसाला म्हणा, तो थांबून पाहील. अळिंबी, अळंबी हा सुंदर शब्द आहे, घाटाकडे अन् कोकणात जिवंत आहे, माल तिकडे जाणार असेल तर खाली बारीक अक्षरात तो पण टाका. टेकोडे टाकू नका, तुमचं कारण अगदी बरोबर आहे, त्यातून फसवणूक केल्यासारखं होते. अन् फंगस शब्द लेबलवर नकोच. खरा असला तरी नको, कारण लेबल वाचणाऱ्याला त्यातून जे कळेल ते खरं नसेल.

आमगाव_गोंदिया

आमच्याकडे छत्तीसगड लागून आहे तर बाजारात पुटू म्हणतात, कोणी फुटू. पावसात जमीन फोडून निघते म्हणून असन असं आम्हाले वाटते, पण मास्तरांचं रूमवालं वाचून आता असं ठोकून सांगायची हिंमत होत नाही. बस्तरकडे एक बोडा निघते, सालाच्या झाडाखाली, गोल गोटीसारखा, छत्री नाहीच त्याले. भाव ऐकून चक्कर येते. तो पण मशरूमच काय? त्याले इंग्लिशमध्ये मशरूम म्हणता येते का, छत्री नसताना?

अन् धिंगरी शब्द कुठला? आमच्या इकडचा तर नाही.

बॉटनीवाला_गडचिरोली

बोडा फंगसच आहे, अॅस्ट्रिअस कुळातला, सालाच्या मुळांशी त्याचा करार असतो, तो मुळांना पाणी-क्षार पोचवतो अन् झाड त्याला साखर देते. म्हणून साल तोडला की बोडा गेला. मशरूम म्हणता येईल, मोठ्या अर्थानं. इंग्लिशमध्ये नेमकं मशरूम म्हणजे देठ, छत्री अन् छत्रीखाली पापुद्रे असलेलं, पण बोलण्यात डोळ्याला दिसणारं, हातात धरता येणारं कोणतंही फंगसचं फळ मशरूमच. फळ हा शब्द मुद्दाम वापरला, कारण खरं शरीर म्हणजे तो तनसात पसरलेला पांढरा धागा-धागा, ताई तुम्ही पिशवीत पंधरा-वीस दिवसांनी पाहता तो. छत्री हे फक्त त्याचं बीज उडवायचं साधन.

धिंगरी हिमालयाकडचा शब्द आहे, तिकडच्या लोकांनी झाडाच्या ओंडक्यावर येणाऱ्या याच छत्रीला दिलेला. देशाचं मशरूमवरचं मोठं संशोधन केंद्र पण तिकडेच आहे, हिमाचलमध्ये सोलनला, म्हणून ट्रेनिंगच्या पुस्तकांतून तो शब्द आपल्यापर्यंत आला असावा असं मला वाटते. इंग्लिशमध्ये ऑयस्टर मशरूम म्हणतात ते आकारावरून, ऑयस्टर म्हणजे समुद्रातला कालव, शिंपल्यातला. शास्त्रीय नाव प्ल्युरोटस, ग्रीकमध्ये बाजूचा कान. देठ मध्यभागी नसतो, बाजूला असतो अन् छत्री कानाच्या पाळीसारखी, पिशवीला लागलेला एक झुपका हातात घेऊन पाहा, नाव ठेवणाऱ्यानं नीट पाहिलं होतं हे कळते.

संत्रा_वरुड

एक राहिलं, बी ले आपण स्पॉन म्हणतो ना, ते पण पाहून घ्या. इंग्लिशमध्ये स्पॉन म्हणजे आधी मासोळीची अन् बेडकाची अंडी, पाण्यात पसरलेली राहतात ती. तो पण जुन्या फ्रेंचमधूनच, पसरवणे या अर्थाचा. पांढरे धागे पसरलेले पाहून मशरूमच्या बियाण्यालेही तोच शब्द लावला. खरं तर ते बी नाहीच, गव्हाच्या नाहीतर ज्वारीच्या दाण्यावर वाढवलेला जिवंत धागा आहे. म्हणून उन्हात गाडीच्या डिक्कीत ठेवून आणाल तर मरते. बी समजून लोकं तसंच आणतात अन् मग म्हणतात उगवलं नाही.

धानवाली_ताई (ब्रह्मपुरीकडची)

हे डिक्कीचं लय कामाचं सांगितलं भाऊ, आमच्यासोबत झालं आहे, आम्ही पुरवणाऱ्याले दोष देत होतो.

प्रिंटिंगवाल्याले मी आता असं पाठवून राहिली, एकदा नजर टाकजा. वर मोठ्या अक्षरात धिंगरी मशरूम, त्याच्या खाली इंग्लिशमध्ये ड्राय ऑयस्टर मशरूम, मग वजन, तारीख, लायसन नंबर, हिरवा ठिपका. इंग्लिशमधलं मशरूम एकच लिहू की शेवटी एस लावू? पाकिटात तर खूप राहतात.

मास्तर_सेलू_वर्धा

दोन्ही बरोबर आहे, पण पाकिटावर एस लावलेलं जास्त चांगलं दिसते. अन् ड्राय नको, ड्राइड करा, म्हणजे वाळवलेलं. प्रिंटिंगवाल्याला फोनवर सांगू नका, हेच कॉपी करून पाठवा. डी आर आय ई डी, मग जागा सोडून ओ वाय एस टी ई आर, मग जागा सोडून एम यू एस एच आर ओ ओ एम एस. छापायच्या आधी त्याच्याकडून एक नमुना परत मागवा अन् तो मुलीला वाचायला द्या.